तलावात आता मे महिन्यापर्यंत पाणी असते, तरी शेकाटे आणि टिलवे का येत नाहीत?

प्रश्न : ओढ्याकाठचा शिक्षक

सर्वांना नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाला १९७२ च्या दुष्काळी कामातून बांधलेला एक पाझर तलाव आहे. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवतो आणि गेली अकरा वर्षे दर रविवारी सकाळी या तलावाच्या काठी पक्षी पाहून वहीत त्यांची नोंद करतो. पहिली सहा-सात वर्षे तलावाचे वेळापत्रक ठरलेले होते. पावसाळा संपताना तो काठोकाठ भरलेला असे, दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरू लागे आणि डिसेंबरपासून पश्चिमेला, जिथे ओढा तलावाला मिळतो तिथे, काळ्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडे. त्या पट्ट्यात चिखलात चालून किडे टिपणारे पक्षी, म्हणजे शेकाटे, तुतवार, कंठेरी चिखल्या आणि टिलव्यांचे लहान-मोठे थवे, होळीपर्यंत मुक्कामाला असत. लव्हाळ्याच्या कडेने चालताना अगदी पायाजवळून पाणलावा भर्रकन उडे. मार्च संपता संपता तलाव जवळजवळ कोरडा पडे.

चार वर्षांपूर्वी तलावातला गाळ काढण्यात आला. पोकलेन लावून तीन बाजूंनी खोदाई झाली, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात नेला आणि काठावरचे पाणकणीस (कणसासारखे तुरे येणारे उंच पाणगवत) व लव्हाळे ‘घाण’ म्हणून मुळासकट उपटून टाकले. त्याचा फायदा झाला हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आसपासच्या विहिरींना एप्रिलमध्येही पाणी असते आणि माझ्या शाळेतल्या मुलींना हंडे घेऊन लांब जावे लागत नाही. तलावातही मे महिन्यापर्यंत पाणी दिसते.

मात्र ज्या पक्ष्यांसाठी मी पहाटे उठत होतो, ते गेले. आता पाणकावळे, टिबुकल्या आणि वारकरी हे पोहणारे पक्षी दिसतात, क्वचित एखादा राखी बगळा कडेला उभा असतो. शेकाट्यांची जोडी येते, तलावावरून एक-दोन घिरट्या घालते आणि न उतरताच निघून जाते. हे मी या हिवाळ्यात तीनदा डोळ्यांनी पाहिले. पाणी वाढले तर पाणपक्षी वाढायला हवेत, असे गावातले लोक म्हणतात आणि मलाही आधी तसेच वाटत होते.

येत्या ग्रामसभेत ओढ्याकडचा उरलेला उथळ भागही खोल करून सर्व बाजूंनी दगडी पिचिंग (काठावर दगड बसवणे) करण्याचा ठराव येणार आहे. त्याआधी मला नीट समजून घ्यायचे आहे. पक्षी जाण्याचे कारण पाण्याची खोली आहे की काठावरची वनस्पती गेली हे? आणि विहिरींचे पाणी कमी न करता काही करता येईल का?


गोदाकाठ यांचे उत्तर

गुरुजी, आपण दिलेल्या वर्णनातच अर्धे उत्तर आहे. शेकाटे घिरट्या घालून परत जातात, कारण त्यांना वरून पाणी दिसते, पण पाय टेकवायला जागा दिसत नाही. चिखलात चालून खाणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने तलावात एकूण पाणी किती आहे याला फारसे महत्त्व नाही. त्यांचे पोट भरते ते पाण्याच्या कडेवर, म्हणजे जेथे पाणी त्यांच्या पायांच्या उंचीपेक्षा कमी आहे आणि खालचा चिखल चोच जाईल इतका मऊ आहे, तेवढ्याच पट्ट्यात.

टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. त्याला दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही, शक्यतो तो नुसत्या ओल्या चिखलावरच धावपळ करतो. तुतवारांना त्याहून थोडे जास्त पाणी चालते. शेकाट्याचे ते लांबलचक गुलाबी पाय त्याला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास पाण्यात सहज नेतात. चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी आणि मोठे बगळे गुडघाभर पाण्यात उभे राहतात, पण तेही साधारण वीतभर ते हातभर खोलीपर्यंतच. त्यापुढचे पाणी पोहणाऱ्यांचे आणि बुडी मारणाऱ्यांचे आहे. म्हणून तर आपल्याकडे पाणकावळे आणि टिबुकल्या वाढल्या.

आता उताराचा हिशेब पाहा. समजा काठाचा उतार शंभरास एक आहे, म्हणजे शंभर मीटर आत गेल्यावर पाणी एक मीटर खोल होते. अशा काठावर तीन सेंटीमीटरपर्यंतच्या पाण्याचा पट्टा तीन मीटर रुंद असतो. एक किलोमीटर लांबीच्या काठावर टिलव्यांना तीन हजार चौरस मीटर जागा मिळाली. तोच काठ पोकलेनने पंचेचाळीस अंशात कापला, तर तो पट्टा तीन सेंटीमीटरच रुंद उरतो आणि एक किलोमीटरमध्ये सगळे मिळून तीस चौरस मीटर होतात. पाणी तेवढेच, किंबहुना जास्त, आणि जागा शंभरपट कमी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उतरण्याची. आपल्या भागात भर उन्हाळ्यात नुसत्या बाष्पीभवनाने पाण्याची पातळी दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर खाली जाते, हिवाळ्यात त्याहून बरीच कमी. शंभरास एक उताराच्या काठावर पातळी एक सेंटीमीटर उतरली, की एक मीटर नवा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या, गांडुळाच्या जातीचे बारीक किडे आणि लहान गोगलगायी असतात. आदल्या दिवशीचा पट्टा पक्ष्यांनी टिपून रिकामा केला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ताजे ताट मांडलेले असते. ही रोजची सरकती कड थांबली, तर काठ उथळ असूनही पक्षी टिकत नाहीत.

नांदूर मध्यमेश्वर आपल्यापासून जवळ आहे, म्हणून तिथले सांगतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो बंधारा शंभराहून अधिक वर्षांचा आहे. इतक्या वर्षांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, साठवणक्षमता घटली आणि पाणी वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ते नुकसानच झाले. पण त्याच गाळाने उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि गवताळ कडा तयार केल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्या जागेचे नाव जाहीर झाले. तिथेही वरच्या धरणांतून आवर्तन (सिंचनासाठी पाळीने सोडलेले पाणी) सुटले, की एका रात्रीत पातळी चढते आणि काल जिथे शेकडो पक्षी चरत होते तिथे आज नुसते पाणी दिसते. चापडगावच्या बाजूला मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे. सकाळी पोहोचल्यावर मी दुर्बीण काढण्याआधी मनोऱ्याजवळच्या खुंटाकडे पाहतो. तो किती बुडाला आहे यावरून आज कोणते पक्षी दिसतील याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे, तर आधी उतार गेला आणि उताराबरोबर बाकीचे गेले. ओढ्याकडचा उथळ भाग अजून शिल्लक आहे, तो कृपा करून जाऊ देऊ नका.


एका निवृत्त अभियंत्याचे उत्तर

माझी नोकरी लहान सिंचन कामांवर गेली. वरचे उत्तर पटते, पण पाझर तलावाची बाजूही मांडली पाहिजे. या तलावाचे काम पाणी साठवण्याचे नसून मुरवण्याचे आहे. तळावर बारीक गाळाचा थर बसला, की पाझर मंदावतो आणि पाणी विहिरींकडे न जाता उन्हाने उडून जाते. त्यामुळे गाळ काढणे चूक नव्हते. चूक झाली असेल तर ती काढण्याच्या पद्धतीत.

गाळ मूळ तळापर्यंतच काढायचा असतो. त्याखालचा मुरूम उकरला, तर तो गाळ काढणे राहत नाही, ते उत्खनन होते. खोदाई बांधाच्या पायथ्यापासून पुरेशी दूर ठेवायची असते, नाहीतर बांधाखालून पाणी झिरपून बांधालाच धोका होतो. आणि काठ उभे कापायचे नसतात, कारण ते पहिल्या दोन पावसाळ्यांत ढासळतात आणि काढलेला गाळ पुन्हा तळाशी जातो. शिवाय तलावात गुरे पाण्यावर येतात, मुले पोहतात, त्यांना उभ्या काठावरून वर येता येत नाही. पिचिंग हे बांधाच्या पाण्याकडच्या बाजूला लाटांपासून संरक्षण म्हणून करतात. ओढ्याकडच्या नैसर्गिक काठाला त्याची गरज नाही, आणि गरज नसलेल्या कामावर ग्रामपंचायतीचा निधी का खर्च करावा, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येईल. पक्ष्यांचा मुद्दा ज्यांना पटणार नाही, त्यांना हा पटेल.

गुरुजींनी एक काम करावे. ओढ्याच्या तोंडाशी अजून किती गाळ आहे आणि त्याचा उतार किती आहे, हे काठी आणि दोरीने मोजून ठेवावे. सभेत आकडा हातात असलेला बरा.


गाळपेर यांचे उत्तर

मी उजनी धरणाच्या फुगवट्यावरचा, म्हणजे धरणामागे पसरणाऱ्या पाण्याच्या काठावरचा शेतकरी आहे. आमच्याकडे पाणी मागे सरकले, की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. त्यामुळे पाणी कुठल्या महिन्यात किती मागे जाते हे आम्हाला घरबसल्या माहीत असते, आणि त्यावरून पक्ष्यांचेही माहीत असते. धरण दमदार भरले आणि पाणी उशिरापर्यंत टिकले, त्या वर्षी भिगवण आणि कुंभारगाव भागातले चिखलाचे पट्टे उशिरा उघडे पडतात आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उशिरा व कमी दिसतात. पाणी वेळेवर मागे हटले, तर ते लवकर येऊन बराच काळ थांबतात. पर्यटक आम्हाला विचारतात की यंदा पाणी एवढे छान आहे, मग रोहित कुठे आहेत. त्यांना सांगावे लागते की पाणी छान आहे म्हणूनच ते नाहीत.

गोदाकाठ यांच्या हिशेबाला मी एक पुस्ती जोडतो. पाणी उतरायला हवे हे खरे, पण ते किती वेगाने उतरते हेही बघावे लागते. कालव्याला आणि नदीला एकदम पाणी सुटले, की आठवड्याभरात काठ खूप लांब जातो. असा एकदम उघडा पडलेला चिखल दोन-तीन दिवसांच्या उन्हात वरून कडक होतो. आधी त्यावर सायीसारखा पापुद्रा येतो, मग तो बोटभर रुंदीच्या भेगांनी तडकतो. त्या पापुद्र्यातून टिलव्याची चोच आत जात नाही. मी सकाळी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह पुढे सरकवायला जातो, तेव्हा कालच्या चिखलावर पक्ष्यांच्या पावलांची रांगोळी असते आणि परवाच्या चिखलावर एकही पाऊल नसते. त्यामुळे एकदम रिकामा होणारा तलावही पक्ष्यांच्या उपयोगाचा नाही. हळू, रोज थोडे, आणि लांबच्या लांब उतारावर असे पाणी उतरले पाहिजे.

गाळपेरीबद्दलही मन मोकळे करतो. आम्ही पाण्याच्या अगदी कडेपर्यंत पेरणी करतो आणि मोटारीही तिथेच असतात. त्यामुळे पक्ष्यांना निवांत कड उरत नाही, हे मला मान्य आहे. माझ्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यात मी गेली काही वर्षे पाण्यापासून वीस पावले जागा मोकळी सोडतो. उत्पन्नात मोठा फरक पडला नाही, कारण ती जागा तशीही दलदलीची असते आणि तिथले हरभऱ्याचे पीक पिवळे पडते. हे सगळ्यांनी करावे असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येकाची पोटाची गरज वेगळी असते. पण गुरुजींच्या तलावात ओढ्याच्या बाजूला कोणी पेरत असेल, तर त्याच्याशी ग्रामसभेआधी घरी जाऊन बोलावे. सभेत उभे राहून बोलले, की माणूस अडून बसतो.


पाणकणीस यांचे उत्तर

गुरुजींनी खोली की वनस्पती असे विचारले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कोणती वनस्पती कुठे उगवणार हे पाण्याची पातळी ठरवते, आणि कोणता पक्षी कुठे राहणार हे ती वनस्पती ठरवते.

पाणकणसाचे आणि लव्हाळ्याचे बी उघड्या, ओल्या चिखलावर रुजते. खोल पाण्याखाली ते रुजत नाही. म्हणून जो तलाव दर उन्हाळ्यात थोडा उघडा पडतो, त्याच्या काठावर दरवर्षी नवी हिरवळ येते. पुढच्या पावसाळ्यात ती हिरवळ पाण्याखाली जाऊन कुजते आणि त्या कुजण्यावर पाण्यातल्या अळ्या आणि किडे पोसले जातात. पुढे हिवाळ्यात टिलवे आणि तुतवार जे खातात, ते आदल्या उन्हाळ्यात उगवलेल्या गवतावर वाढलेले असते. वर्षभर एकाच पातळीला भरलेल्या, काठ उभे असलेल्या तलावात हे चक्रच बंद पडते. त्यात कोणी चिलापी किंवा कटला सोडला असेल, तर उरलेल्या अळ्या आणि किडे माशांच्या पोटी जातात.

पण वनस्पती जितकी जास्त तितके पक्षी जास्त, असेही नाही. या बाबतीत राजस्थानात भरतपूरला असलेल्या केवलादेव पाणथळीची हकिकत सर्वांना ठाऊक असायला हवी. ते काही कोणी हात न लावलेले जंगल नव्हते. राजांच्या काळात बांध आणि झडपा घालून अजान बांधाचे पाणी तिथे खेळवले होते, आणि आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. १९८२ साली, राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, चराईवर पूर्ण बंदी आली. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबार झाला आणि माणसांचे प्राण गेले. बंदी पक्ष्यांच्या भल्यासाठी होती यात शंका नाही. पण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकभर तिथे जो अभ्यास केला, त्यातून दिसले ते उलटेच. म्हशी गेल्यावर पास्पॅलम जातीचे गवत उथळ पाण्यावर चटईसारखे पसरले. पाण्याची मोकळी जागा घटली, माशांना आणि बदकांना अडथळा झाला, आणि लव्हाळ्याचे कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचांचे चरण्याचे पट्टेही गवताखाली गेले. क्रौंच नाहीसे होण्यामागे त्यांच्या लांबच्या प्रवासमार्गावरची शिकार आणि इतर कारणे होतीच, २००२ नंतर ते तिथे दिसले नाहीत. गवत मात्र माणसांनी आणि यंत्रांनी काढावे लागले, आणि म्हशी जे काम फुकट करत होत्या ते कुठल्याही यंत्राला तितके चांगले जमले नाही.

मला ही हकिकत फार अस्वस्थ करते, कारण चांगल्या हेतूने आणि पुरेसे न पाहता घेतलेला तो निर्णय होता. आणि आपल्या गावोगावच्या तलावांवर आज ‘स्वच्छता’ म्हणून जे चालते तेही तसेच आहे, फक्त दुसऱ्या टोकाचे.

मग किती वनस्पती हवी? एका तलावापुरते सांगते. कमळपक्ष्याला तरंगती पाने हवीत, तो त्यांवरून चालतो आणि त्यांवरच अंडी घालतो. जांभळा बगळा आणि जांभळी पाणकोंबडी दाट पाणकणसात लपतात. रंगीत पाणलावा गवताच्या कडेला असतो, दोन पावले चिखलात आणि एक झेप गवतात. टिलव्यांना, चिखल्यांना आणि शेकाट्यांना चारी बाजूंनी मोकळे दिसायला हवे, कारण ससाणा कुठून येईल हे त्यांना लांबूनच कळले पाहिजे. दाट पाणकणसाची भिंत उभी राहिली, तर पाणी हवे तेवढेच असूनही ते तिथे उतरणार नाहीत. म्हणून एकाच काठावर कुठे झुडपासारखे पुंजके आणि कुठे मोकळा चिखल अशी सरमिसळ सर्वांत उपयोगी पडते. बेशरम आणि जलपर्णी या दोन माजणाऱ्या वनस्पतींना मात्र थारा देऊ नये. जलपर्णीच्या कडेवर कमळपक्षी आणि वंचक (लहान बगळे) दिसतात हे खरे, पण तिने सगळे पाणी झाकले, की खाली उजेड आणि प्राणवायू दोन्ही संपतात.

पाणकणीस वाढून दाट झालेच, तर उपटू नका. उपटताना काठ उकरला जातो आणि उतार बिघडतो. उन्हाळ्यात पाणी खाली असताना ते बुंध्याशी कापावे. पावसाळ्यात पाणी त्या खुंटांवर चढले, की मुळांना हवा मिळत नाही आणि बरेचसे मरते. जितके ठेवायचे तितके पुंजके न कापता ठेवावेत.


मराठी माणूस, फ्लोरिडा यांचे उत्तर

मी मूळचा कोपरगावचा आहे आणि सध्या दक्षिण फ्लोरिडात राहतो. येथील एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत पाण्याचे उतरणे आणि पाणकणसाचे माजणे या दोन्ही गोष्टी फार मोठ्या प्रमाणावर दिसतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

येथे नोव्हेंबर ते मे हा कोरडा हंगाम असतो. पाणी उतरू लागले, की पसरलेले मासे खोलगट डबक्यांत गोळा होतात, आणि त्या डबक्यांच्या भरवशावर ‘वुड स्टॉर्क’ नावाचे करकोचे घरटी बांधतात. हा करकोचा आपल्या चित्रबलाकाचा सख्खा नातलग आहे. दोघेही उघडी चोच पाण्यात बुडवून चालतात, पायाने गाळ ढवळतात आणि चोचीला मासा लागताच ती मिटतात. डोळ्यांनी हेरण्यापेक्षा स्पर्शावर भिस्त असल्यामुळे त्यांना मासे दाटीवाटीने असलेले पाणी लागते. हंगामाच्या मध्येच अवकाळी पाऊस झाला किंवा कालव्यांतून पाणी सोडले गेले, तर पातळी पुन्हा चढते, मासे पांगतात आणि पिलांना घालायला पुरेसे मिळत नाही. अशा वेळी करकोचे अंडी-पिले सोडून निघून जातात. उतरणारे पाणी मध्येच उलटे फिरणे हे पिलांसाठी दुष्काळाइतकेच घातक ठरते.

दुसरी गोष्ट उसाची. एव्हरग्लेड्सच्या उत्तरेला उसाची अफाट शेती आहे. तिथल्या खतातला फॉस्फरस पाण्याबरोबर वाहत आल्यामुळे जिथे विरळ, करवतीसारख्या पात्याचे गवत होते, तिथे पाणकणसाचे गर्द रान माजले आणि बगळ्यांना उतरायला जागा राहिली नाही. गुरुजींच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ऊस किंवा द्राक्षबागा असतील, तर पाणकणीस का माजते याचे एक कारण तिथे सापडेल.


ओढ्याकाठचा शिक्षक यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मी इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा केली नव्हती.

अभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या रविवारी सातवीच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन मोजणी केली. एक बांबू घेतला, त्यावर सेंटीमीटरच्या खुणा केल्या आणि दोरीने काठापासूनचे अंतर मोजले. खोदलेल्या तिन्ही बाजूंना काठापासून एका पावलावर बांबू कमरेइतका बुडाला. ओढ्याच्या बाजूला मात्र साधारण चाळीस मीटर लांबीचा तुकडा असा सापडला, की तिथे वीस पावले आत जाईपर्यंत पाणी घोट्याच्या वर आले नाही. हा तुकडा का वाचला, याचा उलगडाही तिथेच झाला. गावातल्या म्हशी रोज त्याच वाटेने पाण्यावर येतात, म्हणून पोकलेनवाल्याला ती वाट मोडू नको असे सांगण्यात आले होते.

आम्ही मोजत असतानाच एका मुलीने हात धरून मला थांबवले. म्हशींच्या खुरांनी चिखलात खड्डे पडले होते आणि प्रत्येक खड्ड्यात बोटभर पाणी साचले होते. त्या खड्ड्यांमधून दोन कंठेरी चिखल्या फिरत होत्या. दोन-चार पावले पळायचे, थांबायचे, एक पाय चिखलावर थरथरवायचा, मग टिपायचे. जवळच एक तुतवार शेपूट हलवत उभा होता. अकरा वर्षे मी दर रविवारी तलावाच्या बांधावर उभा राहून दुर्बिणीतून पाहत आलो, पण म्हशींच्या वाटेकडे मी कधी वळलोच नव्हतो. पाणकणीस ताईंनी भरतपूरचे लिहिले नसते, तर आजही वळलो नसतो.

वरच्या अंगाला द्राक्षबागा आहेत, त्याबद्दल बागायतदारांशी बोलणे सोपे नाही, तरी बोलेन. उथळ भागात एक शेतकरी उन्हाळी मका घेतो. गाळपेर दादांच्या सल्ल्याप्रमाणे मी काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाला, विषय निघाला, आणि पाण्यालगतची जागा या वर्षी सोडून पाहतो इतके त्याने कबूल केले.

ग्रामसभेसाठी मी असे मांडायचे ठरवले आहे. बांधाजवळचा खोल भाग आहे तसाच राहील, कारण विहिरींचे पाणी त्यावर अवलंबून आहे. ओढ्याकडचा भाग खोदायचा नाही आणि तिथे पिचिंगही करायचे नाही. खोदलेल्या बाजूंपैकी उत्तरेचा काठ ढासळतोच आहे, तिथे पुढच्या वेळी माती ओढून लांब उतार करायचा. म्हशींची वाट कायम ठेवायची. यात काही चुकत असेल, तर सभा होण्यापूर्वी सांगावे.


गोदाकाठ यांचे उत्तर

चुकत काही नाही. एकच सुचवतो. उत्तरेच्या काठाला उतार देताना तो अगदी सपाट, गुळगुळीत करून घेऊ नका. मध्येमध्ये वीतभर उंचीचे उंचवटे राहू द्या. एप्रिल-मेमध्ये शेकाटे आणि टिटव्या अशाच उंचवट्यांवर अंडी घालतात, आणि वळवाचा पाऊस पडून पाणी बोटभर चढले, तरी तेवढ्या उंचीवरची अंडी वाचतात. म्हशींची वाट मात्र त्या उंचवट्यांपासून लांब ठेवा.